ओट्यावरची बारा व्होल्टची पट्टी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आयटीआयला वायरमन ट्रेड केलाय, केदारखेड्यात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवते. करंट दिसत नाही, पण तो कुठून आला ते शोधता येतं, एवढंच मी मानते. पुढचं वाचून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा...

सासूबाई गेल्यावर आप्पा, म्हणजे माझे सासरे, स्वयंपाकघरात यायचेच बंद झाले. नजर अधू, त्यात ओट्यावर अंधार. जालन्याचे मोठे भाऊजी सारखे मागे लागलेले – तुम्ही दोघं नवराबायको दिवसभर दुकानात, आप्पांना चहा कोण देणार? त्यांना मी नेतो, तुम्ही दुकानात जाताना खुशाल घराला कुलूप लावा. आप्पांना घर सोडायचं नव्हतं. त्यांचा चहा त्यांना करता आला तर भाऊजींचं तोंड बंद होईल, म्हणून मी कपाटांखाली एलईडीची पट्टी लावायला घेतली.

भिंत फोडायची नव्हती. जुन्या बल्बची तार टाइलमागे होतीच. बोर्डात तिची दोन्ही टोकं घरच्या सप्लायपासून सोडवली, मीटरनं तपासली आणि तिथं बारा व्होल्टचा अडॅप्टर जोडला. त्याच तारेवर पट्टी लागली! आप्पा चहा करू लागले. आमच्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावला की हात जोडतात, मग समई असो नाहीतर बल्ब. आप्पा पट्टीलाही जोडायचे. मला हसू यायचं.

अडॅप्टर फार तापायचा. तो हवेशीर जागी बसवावा म्हणून एका संध्याकाळी काढला, तर नेमके भाऊजी गाडी घेऊन हजर.

"आप्पा, कपडे भरा. आज तुम्हाला न्यायलाच आल्तो मी."

आप्पा आत स्वयंपाकघरात गेले, ओटा चाचपला आणि अंधारातच, सवयीनं, त्यांनी हात जोडले.

पट्टी लागली. लख्ख!

अडॅप्टर माझ्या हातात होता. बोर्डातून तारेची टोकं मोकळी लोंबत होती. मीटर लावला... शून्य. चुकून घरचा करंट शिरला असता तर पट्टी जळूनच गेली असती. पुन्हा लावला, तरी शून्यच.

भाऊजी दारातच थिजले. "आईच हाये ही! ती तार जल्दी काढ. आप्पा, इथं बिलकुल राह्यचं न्हाई आता."

"तार न्हाई निघणार, भाऊजी. अन् आईंचं नाव घेऊ नका. जिवंतपणी त्यांनी कधी वेळेवर दिवा लावला न्हाई, आता बऱ्या लावतील!"

आप्पा हसले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. साखरेचा डबा उचलून म्हणाले, "मला बराबर दिसून राह्यलं. मंग मी जाऊ कशाला? बस, चहा घे."

भाऊजींनी उभ्यानंच चहा घेतला आणि एकटेच परत गेले. आप्पांनी कप विसळून ठेवले, तेव्हा पट्टी आपोआप विझली.

मग मी सगळं उकरून पाहिलं. चोरटा जोड, ओल, शेजारची लाइन... काही नाही. अडॅप्टर काढून पुन्हा पुन्हा पाहिलं, अंधारच. गावात म्हणतात, घराची शांत करून घ्या, तार तरी बदला. का म्हणून? मला कळलं नाही म्हणून आप्पांचा उजेड काढू? मुळीच नाही.

अडॅप्टर आता जागेवर आहे. संध्याकाळी बटण मीच दाबते. आप्पा हात जोडतात, त्यांच्यामागे उभी राहून मीही जोडते. कुणाला, ते विचारू नका... मला खरंच माहीत नाही.