खलबत्त्याचा नायक

आलं कुटायला घेतलं की ती दुपार आठवते. छावणी भागातल्या आमच्या घरात मुलगी ताप-खोकल्यानं पडली होती. भाड्यानं आणलेली चित्रांची पुस्तकं ती मला वाचून दाखवत होती. मी चौथी शिकलेली, तिच्या काढ्यासाठी आलं कुटत ऐकत होते. "आई, हा खलनायक." "खलबत्त्याचा नायक व्हय गं?" ती ठसका लागेपर्यंत हसली. पहिल्या पुस्तकात तो तेजाबात पडून हिरवा झालेला चोर होता. नव्या पुस्तकात त्याच्या तोंडावर लोखंडी मुखवटा आला, आणि म्हणे आईनं टाकलं म्हणून तो बिघडला. मी म्हणाले, "मायच सापडली व्हय त्यांना? माणूस एक अन् गोष्टी दोन, यातली खरी कोणती?" "शेवटी छापली ती," ती म्हणाली. "लिहिणारा बदलला की मागचं सगळं बदलतं." आता ती पन्नाशीची आहे. वडिलांच्या आजारपणात कॉलेज सुटलं, असं ती वर्षानुवर्षं सांगायची. परवा माझ्यासमोरच तिच्या मुलीला म्हणाली, "आजीला मी शिकलेलं नको होतं." मी चहासाठी आलं कुटत होते. खरी कोणती, हे या वेळी विचारलं नाही.