एक वाजता फिरणारी पाटी

कोर्टात शपथ घेऊन मी दोन वाक्ये खोटी बोललो होतो, ही गोष्ट सात वर्षे मी कोणाला सांगितली नाही. पत्नीलाही नाही. पहिले वाक्य होते, "मी सरकारी कामासाठी जात होतो." दुसरे, "मी कागद पाहत होतो, पाटीकडे माझे लक्ष नव्हते." त्या दिवशी माझ्या मांडीवर कागदाचा कपटाही नव्हता. गंगेच्या मातीची, रुमालाने तोंड झाकलेली गणपतीची मूर्ती होती.

मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधिकारी होतो आणि बदली होऊन नुकताच कलकत्त्याला आलो होतो. कचेरीची गाडी आणि ड्रायव्हर माझ्या दिमतीला असत. ड्रायव्हर हावड्याला राहत, रोज सकाळी पूल ओलांडून येत आणि वर्तमानपत्राच्या ओल्या बोळ्याने काच पुसूनच गाडी दारात आणत. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे होते. त्यांचा उल्लेख मी आज आदराने करतो आहे; तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करीत असे आणि त्यात मला काही वावगे वाटत नसे. आम्हा दोघांचेही हिंदी सारखेच मोडके असल्यामुळे आमचे बोलणे थोडक्यात उरके. नऊ वर्षे ते हंगामी होते. त्या वर्षी कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव येणार होते. अट एकच होती, की लायसन्सवर गेल्या तीन वर्षांत एकही शेरा नसावा. त्यांच्या लायसन्सवर तर नऊ वर्षांत एकही नव्हता.

कलकत्त्यात गणेशचतुर्थीची सुट्टी नसते. तिथली मराठी घरे मूर्ती कुमारटुलीत सांगून ठेवतात, कारण तिथले कारागीर दुर्गेबरोबरचा गणेश घडवीत असले तरी आपल्यासारखा एकटा, पाटावर बसलेला गणपती मुद्दाम सांगितल्यावाचून करीत नाहीत. मी आदल्या दिवशी मूर्ती आणायला हवी होती. कामाच्या गडबडीत राहून गेले, आणि चतुर्थीच्या दिवशी सकाळी अकराला मी कचेरीची गाडी घेऊन निघालो. लॉगबुकात 'सरकारी काम, उत्तर कलकत्ता' असे लिहायला सांगितले आणि खाली सही केली.

मूर्तिकार म्हातारा होता आणि जिभेने तिखट. मला पाहताच आपल्या माणसांना म्हणाला, "आले बर्गी! लवकर मूर्ती द्या, नाहीतर लुटून नेतील." बर्गी म्हणजे बंगालवर लुटीला आलेले मराठे स्वार; बागबाजारपासून त्यांच्या भीतीने खणलेल्या खंदकाची आठवण त्या भागात अजून अशी थट्टेत निघते. ड्रायव्हर मोठ्याने हसले. मग त्यांनी मूर्तीला दोन्ही हात जोडले आणि माझ्यासाठी मागचे दार उघडून धरले.

आमच्या घरची रीत अशी, की मूर्ती एकदा उचलली की घरी पाटावर ठेवेपर्यंत खाली टेकवायची नाही आणि वाटेत मागे फिरायचे नाही. वडिलांनी ती पाळली होती, म्हणून मीही पाळत असे. त्यामागचे कारण त्यांना मी कधी विचारले नव्हते. घरी पत्नी माध्यान्हाची पूजा मांडून वाट पाहत होती. चितपूर रस्त्यावर एक ट्राम बंद पडली, तिच्यामागे आम्ही अर्धा तास उभे राहिलो, आणि मी दर मिनिटाला घड्याळ पाहू लागलो.

ट्रामच्या मागून कसेबसे सुटून आम्ही एका अरुंद रस्त्याच्या तोंडाशी आलो. कलकत्त्यात असे कितीतरी रस्ते होते, की ज्यांवरून दुपारी एकपर्यंत गाड्या एका दिशेने जात आणि एकनंतर उलट दिशेने येत. तोंडाशी बिजागरीवर एक लाकडी पाटी असे. शिपाई एक वाजता ती फिरवी, की मग तिकडून 'प्रवेश बंद'. ड्रायव्हरनी गाडी थांबवली.

"साहेब, एक वाजून गेला. मागे घेतो आणि मोठ्या रस्त्याने वळसा घालतो."

"मागे घेऊ नकोस. मूर्ती हातात आहे."

"पण रस्ता आता उलटा झाला."

"पाटी बघ. फिरवलेली नाही. चल सरळ."

पाटी खरोखरच फिरवलेली नव्हती. शिपाई कोपऱ्यावरच्या दुकानात चहा पीत उभा असलेला मी पाहिला. ड्रायव्हरनी आरशातून एकदा मूर्तीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि गाडी आत घातली. निम्म्या रस्त्यावर समोरून एक मालाची गाडी आली, तिच्यामागून टॅक्स्या, आणि सगळ्यांच्या मागून लाल मोटारसायकलवरचा पांढऱ्या गणवेशातला सार्जंट. त्याने लायसन्स काढून घेतले आणि चिठ्ठी फाडून दिली. घरी पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पूजा झाली. मोदक झाले. ड्रायव्हरनाही पानावर बसवले आणि त्यांनी ते आनंदाने खाल्ले.

दंड किरकोळ होता. कोर्टात जाऊन गुन्हा कबूल केला की माणूस पाच मिनिटांत मोकळा होई, आणि सगळे तसेच करीत. पण कबुलीबरोबर लायसन्सवर शेरा येई.

"मी कबूल करणार नाही, साहेब," ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी म्हणाले. "पाटी फिरवलेली नव्हती. पाहणारे आपण दोघेच. माझं कोण ऐकणार? तुम्ही एवढंच सांगा, की पाटी सरळ होती."

"सांगेन," मी म्हणालो. त्या क्षणी मला तसे सांगायचेही होते.

पहिल्या तारखेला सार्जंट आला नाही. दुसऱ्या तारखेला मॅजिस्ट्रेट रजेवर होते. दोन्ही वेळा अर्धा अर्धा दिवस आम्ही कोर्टाच्या ओसरीवरच्या बाकावर बसून काढला. आत नावे पुकारली जात, लोक जात, मान डोलावत आणि बाहेर येत. एका वकिलाचा कारकून आम्हांला दोन्ही तारखांना पाहून ओळखू लागला होता.

"एवढ्याशा दंडासाठी केस लढवता, दादा?" तो ड्रायव्हरना म्हणाला. "हो म्हणा आणि जेवायला घरी जा."

"पाटी वेळेवर फिरली असती तर मीही वेळेवर घरी गेलो असतो," ड्रायव्हर म्हणाले.

कारकून हसला. मीही हसलो. पण त्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनात दुसरेच काही शिरत होते. पाटी पाहिली असे सांगितले, की कोणीतरी विचारणार, तुम्ही कामाच्या दिवशी, त्या वेळी, त्या रस्त्यावर काय करीत होतात? लॉगबुकाखाली माझी सही होती. सरकारी गाडी घरच्या कामाला वापरली म्हणून माझ्या कचेरीत एका अधिकाऱ्याची चौकशी नुकतीच झाली होती. मी थकलो होतो, त्या बाकाला, त्या तारखांना, आणि खरे सांगायचे तर ड्रायव्हरच्या माझ्यावरील भरवशालाही. तो भरवसा मला ओझ्यासारखा वाटू लागला होता, आणि ओझे खाली ठेवण्याची सबब मी शोधत होतो, हे आज मला कळते.

तिसऱ्या तारखेला सार्जंटने सांगितले की पाटी ठीक एकला फिरवली होती. मग मला बोलावले. मॅजिस्ट्रेट वयस्कर आणि दमलेले होते. त्यांनी सहज विचारले, "आपण कोणत्या कामासाठी जात होतात?"

"सरकारी कामासाठी," मी म्हणालो.

"पाटी कोणत्या बाजूला होती, आपण पाहिलीत?"

पाहिली म्हणालो असतो, तर 'कोणते सरकारी काम?' हा पुढचा प्रश्न कदाचित आलाही नसता. मला वाटले की येईल. "मी कागद पाहत होतो," मी म्हणालो. "पाटीकडे माझे लक्ष नव्हते."

मॅजिस्ट्रेटनी ड्रायव्हरना विचारले, "साक्षीदाराला काही विचारायचे आहे?"

ते माझ्याकडे पाहत होते. साहेबांच्या मांडीवर काय होते, एवढा एकच प्रश्न पुरेसा होता. मी खाली पाहिले. खोलीत पंखा फिरत होता आणि कोणीतरी खोकत होते.

"नाही, हुजूर," ते म्हणाले.

दंड झाला. शेरा बसला. बाहेर आल्यावर त्यांनी नेहमीसारखे माझ्यासाठी दार उघडले, आपल्या जागेवर बसले आणि पुढे पाहतच विचारले, "साहेब, ऑफिस की घर?" कोर्टाच्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

यादी निघाली तेव्हा तिच्यात त्यांचे नाव नव्हते. मी एक टिपण लिहिले, की त्यांचे काम समाधानकारक आहे. 'समाधानकारक' हा शब्द मी बराच विचार करून निवडला होता, कारण त्याने माझ्यावर काहीच जबाबदारी येत नव्हती. पुढच्या पावसाळ्याआधी हंगामी माणसे कमी केली, त्यांत ते गेले. जाताना किल्ली माझ्या टेबलावर ठेवून नमस्कार केला. मी फायलीत काहीतरी शोधत असल्यासारखे केले.

नंतर माझी नागपूरला बदली झाली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा कलकत्त्याला. मूर्ती सांगायला मी कुमारटुलीत गेलो. मूर्तिकाराची नजर अधू झाली होती, तरी त्याने मला आवाजावरून ओळखले. "बर्गी परत आले! आणि तुमचा तो ड्रायव्हर कुठे? देवाला हात जोडून गाडी सुरू करणारा?" मी मूर्तीची उंची सांगू लागलो. त्या वर्षी मूर्ती टॅक्सीने आणली. पूजा करताना एका मंत्राशी मी अडखळलो, तर पत्नी म्हणाली, "अहो, दमलात का?" मी हो म्हणालो.

कचेरीच्या गॅरेजमधल्या जुन्या मिस्त्रीने पत्ता सांगितला. एका रविवारी मी बसने पूल ओलांडून हावड्याला गेलो. ओतकामाच्या एका छोट्या कारखान्याच्या अंगणात ते लॉरीच्या टपावर बसून ताडपत्रीची दोरी आवळत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला पाहून खाली उतरले, हात पुसले, एक स्टूल आणले आणि तिथल्या दोन कामगारांपैकी एकाला चहा आणायला पाठवले.

"साहेब, यंदा गणपती कसा आणला?"

"टॅक्सीने."

"टॅक्सीवाला मागे फिरला की नाही?" ते दुसऱ्या कामगाराकडे वळून म्हणाले, "आमच्या साहेबांचा देव फक्त पुढे जातो, माहीत आहे?" कामगार हसला. ड्रायव्हरच्या थट्टेत कडवटपणा आहे का ते मी शोधत होतो. तो असता तर मला सोपे गेले असते.

मातीच्या कपांतून चहा आला. मुलगी लग्न होऊन बर्दवानला गेल्याचे त्यांनी सांगितले. लॉरीचे काम अंगावर येते, पाठ धरते, पण आता सवय झाली, असेही म्हणाले. कायम नोकरीतल्या माणसाला या वयात लॉरी चालवावी लागत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

"मी त्या कोर्टाच्या दिवसाबद्दल आलो आहे," मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला. "जाऊ द्या साहेब. किती वर्षे झाली."

हेच ऐकायला मी इतका रस्ता आलो होतो की काय, असे मला वाटले. त्या दिवशी ते गप्प राहिले म्हणून मी वाचलो होतो. आता 'जाऊ द्या' हे शब्द घेऊन परत गेलो असतो, तर त्यांच्याच मौनाने दुसऱ्यांदा वाचलो असतो. दोन्ही कामगार लॉरीला टेकून ऐकत उभे होते. त्यांना दूर पाठवावे असे क्षणभर मनात आले. मी तसे केले नाही. स्टुलावरून उठलो आणि त्या दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या मोडक्या हिंदीत, ड्रायव्हरना प्रथमच आप म्हणत बोललो.

"दादा, पाटी फिरवलेली नव्हती, आणि ती मी पाहिली होती. गाडी आत घालायला मी सांगितले. माझ्या मांडीवर गणपती होता, कागद नव्हते. कोर्टात मी खोटे बोललो, आणि आपण ते माहीत असून गप्प राहिलात. आपली नोकरी माझ्यामुळे गेली. माझे चुकले. मी आपली क्षमा मागतो."