अण्णांच्या मापाची सीट

आधीच सांगते, भूतबीत, करणीबिरणी मी मानत नाही. मानायला सवडच नव्हती. कोल्हापुरात मंगळवार पेठेत भाड्याच्या एका खोलीत आम्ही पाच जण. बाबा मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायचे, आई एका मेसमध्ये चपात्या लाटायची. बाबांचा शर्ट खोलीबाहेर टांगावा लागायचा, नाहीतर गुळाच्या वासानं मुंग्यांची रांग थेट अंथरुणात! शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसून अभ्यास केला आणि इलेक्ट्रिकलची इंजिनीअर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी अभिमानानं सांगते, कुणाला टोचलं तर टोचू दे.

तरीपण उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये माझ्या डोळ्यांसमोर जे झालं, ते मला अजून सोडवता आलेलं नाही. म्हणून इथं लिहितेय.

गॅरेज मोठं आहे, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात. इलेक्ट्रिकलला आम्ही दोघंच — मी आणि बाळूअण्णा. अण्णा गडहिंग्लजकडचे, सातवी नापास, तीस वर्षं वायरी सोलत आलेले. माझ्याकडं डिग्री, लॅपटॉप, स्कॅनर. त्यांच्याकडं दोन वायरी जोडलेला एक बारका बल्ब. आणि गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न काय? "अण्णा हायत का?"

तीन वर्षं हे ऐकलं. खोटं कशाला बोलू... जळायचे मी. अण्णा बॉनेटला कान लावून "ह्यो अर्थिंगचा घोळ हाय" म्हणायचे आणि माझा स्कॅनर दहा मिनिटांनी तेच दाखवायचा. वरून टोमणा — "काय इंजिनेर, मशीनला पटलं व्हय?"

त्यात मालकांनी जाहीर केलं की दसऱ्यानंतर नवीन शेड सुरू होणार आणि इलेक्ट्रिकल सेक्शन एकाच्याच हातात देणार. त्याच आठवड्यात एका निवृत्त प्राचार्यबाईंची गाडी आली. ड्रायव्हरची सीट मोटरवर चालणारी, म्हणजे बटण दाबलं की पुढं-मागं, वर-खाली होते. ती मध्येच मरायची आणि फ्यूज उडायचा. दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकलेले. मालक हसत म्हणाले, "ही कोण सोडवतंय बघू."

गाडीला पहिला हात अण्णांनी लावला. आमच्याकडं रीत आहे, ज्यानं गाडी उघडली त्यानंच ती पुरी करायची. दुसऱ्यानं घ्यायची तर त्याला विचारून. अण्णांनी दोन दिवस बघितली, काहीच बोलले नाहीत, आणि सणाला गावी निघून गेले. "आल्यावर बघूया की तिचं," एवढंच.

मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सगळ्यांची हत्यारं धुऊन, हळदी-कुंकू लावून पाटावर मांडली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. साडेअकराला आरती झाली, प्रसाद घेऊन सगळे घरी. गेटवर फक्त वॉचमन शिवामामा. मी पाटावरनं माझा मीटर उचलला, कुंकू ओढणीला पुसलं.

"काय करालीस गं?" शिवामामा ओरडले.

"जरा बघतो की मामा, पाच मिनिटं." (कोल्हापूरची आहे, आमच्यात बायापण 'बघतो'च म्हणतात.)

"नवमी हाय आज! कुठं फेडशील हे?"

"डिग्रीत हे शिकवलं न्हाय मामा."

सीट पार पुढं येऊन अडकलेली. फ्यूज बदलला, रिले बदलून बघितला, स्विच उघडून साफ केला. कनेक्टरला बारा व्होल्ट बरोबर येत होते. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, सीटखालचा कनेक्टर ओढून वेगळा केला आणि मोटरला बाहेरच्या बॅटरीवरनं डायरेक्ट सप्लाय दिला. मोटर ठणठणीत. सीट थोडी मागं घेतली, परत होती तिथं पुढं आणली, सप्लाय काढला. म्हणजे दोष मधल्या वायरिंगमध्ये. पण वायरिंग तर हाताला लागेल तिथवर चांगलं होतं. दीड वाजला. डबा खायला ऑफिसात गेले. पुरणपोळी होती, दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील.

परत आले तर सीट पूर्ण मागं. वर उचललेली. पाठ रेललेली.

ती ठेवण मी ओळखली. अण्णांचा डावा गुडघा वाकत नाही. कुठल्याही गाडीत बसायचं तर आधी सीट अशीच करायचे. सगळे चेष्टा करायचे, "अण्णा, काम हाय का झोपायला आलाय?"

"मामा, अण्णा आलेत काय?"

"खुळी झालीस का? अण्णा गडहिंग्लजात. गेटला कुलूप हाय, चावी माझ्या कंबरंला."

कनेक्टर वेगळाच होता, बॅटरी सुटलेली. आणि त्या मोटरला दात्यांची अशी रचना असते की सीट हातानं ढकलून हलत नाही, पैलवान आणला तरी! मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल. पुन्हा बाहेरची बॅटरी लावली, सीट खाली घेतली, पार पुढं आणली, पाठ सरळ केली, सप्लाय तोडला. मोबाईलवर फोटो काढला. आणि समोर स्टूल टाकून बसले. भर दुपार, शटर सताड उघडं, बाहेरनं हलगीचा आवाज येत होता...

सीट निघाली. माझ्यासमोर. मोटर फिरली की घुंईऽ आवाज येतो, तसला आवाज नाही. निवांत मागं गेली, वर झाली, मग पाठ रेलली. जसं कुणी पाय लांब करून बसावं तसं.

तुम्ही म्हणाल घाबरली असेल. भीती नंतर आली, संध्याकाळी घरी गेल्यावर. त्या क्षणाला नुसता जळफळाट झाला. म्हटलं, सणाला गावी गेलाय तरी ह्या माणसाला माझ्या आधी बसायचंच आहे! रागानं जाऊन सीटला गच्च धरलं, खाली वाकले — आणि दिसलं. सीट ज्या पट्टीवर सरकते तिच्या आतल्या बाजूला वायरीचं कव्हर घासून गेलेलं, तांबं उघडं. सीट पूर्ण मागं आणि वर असेल तेव्हाच, तेही पुढून वाकलं तरच दिसेल अशा जागी. सीट मागं सरकताना ते तांबं पट्टीला टेकायचं आणि फ्यूज जायचा.

वायर जोडली, स्लीव्ह घातली, पट्टीपासून लांब बांधली. बॅटरी लावून वीस वेळा सीट पुढं-मागं केली. फ्यूज शाबूत.

मालकांना मी फोनवर एवढंच सांगितलं, "मी शोधलं." दसऱ्याला सेक्शन माझ्या नावावर झाला.

अण्णा आले तेव्हा चहाच्या गाड्यावर त्यांना गाठलं. सगळं सांगितलं, सीटसकट. आणि विचारलं, "नवमीला दीड-दोनला कुठं होता?"

"भुईमूग काढत हुतो रानात. कुठं असणार?" पेल्यातला चहा त्यांनी दोनदा हलवला. "एक सांगू? शिव्या घालू नगंस. ती वायर मला दुसऱ्याच दिवशी गावलीती. सांगितली न्हाय. म्हटलं सणानंतर मालकासमोर काढून दावू. तू हात घालणार हे ठावं हुतं मला. त्या दुपारी बांधावर बसून सारखं त्येच डोक्यात, ह्या पोरीला ती गावू नये, गावू नये..."

"का अण्णा?"

"तुला सगळी मॅडम म्हणत्यात. मला कोण सायेब म्हणतंय?"

तीन वर्षं मीच एकटी जळतेय असं मला वाटत होतं.

"आनि तुझ्या त्या सीटचं," ते उठत म्हणाले, "मला काय बी म्हाईत न्हाय बघ. माझ्यावर घालू नगंस."

मी कंपनीचं मॅन्युअल चाळलं, कॉलेजच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, कुठंतरी चार्ज शिल्लक राहिला असेल. बॅटरी आणि कनेक्टर दोन्ही काढल्यावर? आवाज न करता? दोनदा? गाडी त्यानंतर दोनदा सर्व्हिसिंगला येऊन गेली, सीट गप आहे.

अण्णा अजून आमच्याकडंच आहेत. गिऱ्हाईक अजून त्यांनाच विचारतं, आणि मला अजून जळायला होतं, पहिल्यापेक्षा कमी. पण नवीन शेडमधला इलेक्ट्रिकल सेक्शन मी चालवते, आणि जॉब कार्डावर शेवटची सही माझी असते.