उटीहून हातांनी हाकत आणलेली गाडी

आम्ही उटीला गेलो ते थंड हवा खायला नव्हे. एक जुनी गाडी बघायला गेलो होतो, आणि पसंत पडली तर ती चालवत बंगळूरला आणायची होती. ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. चालवणार होते माझे यजमान, माधवराव. त्यांचे दोन्ही पाय एका आजारात गेले होते. (त्या काळी आम्ही नवऱ्याचं नाव घेत नसू. आता नव्वदीला टेकले आहे, म्हणून इथे बिनधास्त लिहिते.)

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना ताप आला आणि तो मणक्यात उतरून कमरेखालचं सगळं बळ गेलं, कळणंही गेलं. त्याआधी ते सर्व्हेच्या कामावर जीप चालवत हिंडत. नंतर ऑफिसने त्यांना नकाशे काढायला बसवलं. चामराजपेटेतल्या आमच्या घरी रोज जटका, म्हणजे तिकडचा टांगा, यायचा. जटकेवाला आणि मी मिळून त्यांना वर चढवायचो, तिकडे ऑफिसचा शिपाई उतरवून घ्यायचा. कुबड्यांवर चार पावलं ते टाकायचे, पण पायरी आली की संपलं.

मग ऑफिस गावाबाहेर, सर्जापूरच्या रस्त्याला जाणार असं ठरलं. आज तिथे नजर पोचेपर्यंत इमारती आहेत, तेव्हा नाचणीची शेतं होती. इतक्या लांब जटका येईना. बस होती, पण बसमध्ये त्यांना रोज कोण उचलून चढवणार? "जमत नसेल तर राजीनामा द्या," असं साहेबांनी गोड शब्दांत सुचवलं.

त्याच सुमारास आमच्या डॉक्टरांनी खबर आणली. उटीजवळच्या चहाच्या मळ्यावरचा एक इंग्रज साहेब कायमचा विलायतेला चालला होता. लढाईत त्याचे दोन्ही पाय गेले होते आणि सगळं हातांनी चालेल अशी त्याची गाडी होती. नव्या गाडीसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, आणि अशी गाडी तर नंबर लावूनही मिळाली नसती.

पैसे? राजाजीनगरात आमची एक साइट होती. घर बांधायचं म्हणून घेतलेली, कोपऱ्यावरची, पूर्वेला तोंड असलेली. माधवरावांनी ती विकली. सासूबाई त्यांच्याशी बोलायच्या बंद झाल्या. मला मात्र म्हणाल्या, "घर विकून चाकं घेतोय. उद्या चाकांत राहणार आहात का?" खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

म्हैसूरपर्यंत रेल्वेने गेलो. डब्यातून एका हमालाने त्यांना पाठीवर घेऊन खाली उतरवलं. पुढे उटीची बस. बसमध्ये बायामाणसं वळून वळून बघत होती आणि हे खिडकीबाहेर बघत होते. नंजनगूडला मी केळी घेतली, त्यांनी खाल्ली नाहीत. "उटीला गाडी बघितल्याशिवाय घशाखाली काही उतरायचं नाही," म्हणाले.

उटीत बाजारातल्या एका लॉजवर उतरलो. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास आणि गोठवणारी थंडी. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाने स्वतःच गाडी आणली. राखाडी रंगाची, दोन दारांची, छोटीशी. साहेब गाडीच्या दारातूनच मोठ्याने बोलू लागला. त्याने नमस्कार केला नाही, हातही पुढे केला नाही.

"पैसे खिशात ठेवा," तो इंग्रजीत म्हणाला. "आधी बसा आणि चालवून दाखवा. ज्याला जमणार नाही त्याला मी ही विकणार नाही. माणूस मेला तर पाप मला लागेल."

स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला एक दांडा होता, तो पुढे ढकलला की ब्रेक. स्टिअरिंगच्या आत एक कडं होतं, ते दाबलं की वेग. डाव्या हाताला क्लचचा दांडा, तो ओढून खाचेत अडकवायचा, मग त्याच हाताने गिअर बदलायचा, मग दांडा सोडायचा. तीन हातांचं काम दोन हातांत. खालचे नेहमीचे पेडलही तसेच होते, कारण साहेबाचा ड्रायव्हर कधीकधी गाडी न्यायचा.

तळ्याकाठच्या रस्त्यावर सराव सुरू झाला आणि पहिल्या तासात गाडी सतरांदा बंद पडली. साहेब शेजारी बसून ओरडत होता. मी तळ्याच्या काठावर उभी राहून बघत होते. दुपारपर्यंत यांचा सदरा थंडीतही घामाने भिजला. मग हळूहळू गाडी सरळ जायला लागली, वळायला लागली. संध्याकाळी साहेब म्हणाला, "हात चांगले आहेत तुझे. फक्त आखूड आहेत." ब्रेकचा दांडा यांना वाकून गाठावा लागत होता आणि वाकलं की तोल जायचा. तेव्हा गावातल्या मिस्त्रीकडून दांड्याला नळीचा एक तुकडा जोडून घेतला. कमरेला मी माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून त्यांना सीटला आवळलं.

निघताना साहेब माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हाला येतं काही?"

"नाही."

"मधला पेडल ब्रेकचा. एवढं लक्षात ठेवा." मग त्याने पैसे घेतले. न मोजता.

उटीहून खाली म्हैसूरकडे यायला दोन रस्ते आहेत. तुम्ही जाणार असाल तर ऐका: कल्लहट्टीचा उतार जवळचा आहे पण भिंतीसारखा. नवख्याने गुडलूरवरून यावं. आम्हीही तोच धरला. पैकाऱ्यापर्यंत हिरवीगार कुरणं, वर स्वच्छ ऊन. माधवरावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. बोटांची पेरं पांढरी. मी काही विचारलं की "आत्ता नको" एवढंच म्हणत. नडुवट्टमला चहा घेतला आणि तिथून खरा घाट सुरू झाला.

चार-पाच वळणं नीट गेली. मी श्वास सोडायला शिकत होते. तेवढ्यात एका वळणावर यांनी दांडा ढकलला आणि नळीचा तुकडा निसटून यांच्या हातात आला.

क्षणभर आम्ही दोघंही त्या नळीकडे बघत राहिलो. गाडी उतारावर सुटली. डावीकडे दरी, समोरून लाकडं भरलेली लॉरी वर येतेय. यांनी हँडब्रेक ओढला. गाडी कण्हली, थांबली नाही. दांड्याचा उरलेला तुकडा गाठायला ते वाकू बघत होते, पण मीच बांधलेली पट्टी त्यांना वाकू देईना.

"कमल, पाय!" ते ओरडले. "पाय घाल!"

मी साडी गुडघ्यांपर्यंत ओढली, गिअरच्या दांड्यावरून उजवा पाय पलीकडे टाकला आणि मधला पेडल शोधू लागले. लागेना. तिथे यांचा बूट होता. लोखंडी पट्ट्यांचा तो जड बूट सरकत येऊन नेमका पेडलवर बसला होता. तो बाजूला करायला वेळ नव्हता. मी त्या बुटावरच पाय रोवला आणि होतं नव्हतं ते बळ लावलं.

लॉरीवाल्याने लॉरी डोंगराच्या कुशीत दाबली. आमची गाडी तिला घासण्याइतक्या जवळून गेली, फरफटली, आणि रस्त्याकडेच्या दगडाला टेकून उभी राहिली. इंजिन बंद पडलं. त्या शांततेत खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

मला रडू आलं नाही, राग आला. "मी बसने जाते," मी म्हणाले. "ही इथेच सोडा. विका, दरीत टाका, काय वाटेल ते करा. साइट गेली ती गेली, तुम्ही तरी उरा."

"मग सोमवारी ऑफिसचं काय करू?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. "घरी बसू? तू मला उचलून उन्हात ठेवणार, उचलून आत आणणार. किती वर्षं?"

मी खाली पडलेली नळी उचलली.

लॉरीवाला खाली धावत आला. आधी त्याने यांना शिव्या घातल्या, मग आत डोकावून पाय बघितले आणि शिव्या थांबवल्या. "हेदरबेडि अक्का," मला म्हणाला, घाबरू नका. त्याने नळी पुन्हा दांड्यात ठोकून बसवली आणि वरून तारेचे वेढे घट्ट आवळले. "गुडलूरपर्यंत टिकेल. स्वल्प हळू जा."

लॉरी वर निघून गेली. शेवटी मीच यांचा बूट उचलून बाजूला घेतला, माझ्या पिशवीच्या बंदाने सीटच्या पायाला बांधला आणि पेडलवर माझा पाय ठेवला. "चला," मी म्हणाले. पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, आम्ही तो घाट उतरलो. हात त्यांचे, पाय माझा. वळण आलं की ते म्हणायचे "थोडा", मग "सोड", मग "थोडा". असं करत गुडलूर आलं. तिथे मिस्त्रीकडून नळीला आरपार बोल्ट घालून घेतला आणि समोरच्या हॉटेलात दोघांनी गरम परोटे खाल्ले. मी चार खाल्ले, लाज न बाळगता.

पुढे मुदुमलैचं जंगल, मग बंडीपूर. (हल्ली रात्री हा रस्ता बंद असतो, दुपारीच पार करा.) म्हैसूर राज्याच्या नाक्यावर पहारेकऱ्याने आत बघितलं. "डायवर एल्ली?" ड्रायव्हर कुठाय?

"मीच."

त्याने कुबड्या बघितल्या, पाय बघितले. "मागे घ्या गाडी. जंगलात हत्ती आला तर पळणार कसे?"

"हत्ती आल्यावर तू पळून वाचशील का?" यांनी विचारलं.

पहारेकरी हसला नाही. जीपच्या दिवसांतलं जुनं लायसन्स उलटंपालटं करून बघत राहिला. ऊन उतरत चाललं होतं, जंगलात अंधार लवकर पडतो. मागे दोन गाड्या येऊन भोंगे वाजवू लागल्या, तेव्हा कुठे त्याने आडवा बांबू उचलला. पुढचे मैल कसे गेले ते मला ठाऊक नाही. झाडीत फांदी मोडली तरी मी काच वर घेई. हत्ती दिसला नाही. गुंडलुपेटेचे दिवे दिसले तेव्हा यांनी पहिल्यांदा खांदे सैल सोडले.

म्हैसूरला लॉजवर त्यांचे बूट काढले आणि मी घाबरले. उजवा पाय सुजून काळानिळा झाला होता, अंगठ्याचं नख फुटलं होतं. माझ्याच टाचेने. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी उचलून बघितला. "म्हणजे ब्रेक माझ्याच पायाने लागला," म्हणाले, आणि हसू लागले. मला हसू येईना. मी हळद गरम करून आणायला गेले आणि जिन्यात एकटीच रडून घेतलं.

दुसऱ्या दिवसाचा रस्ता सपाट. मद्दूरला वडे, रामनगरला नारळपाणी. ते चालवत होते आणि माझा पाय जागच्या जागी रस्ताभर ब्रेक दाबत होता.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते पेडलांसमोर लाकडी फळी बसवण्याचं, पाय पुन्हा खाली सरकू नये म्हणून. तुमच्या घरी कुणी अशी गाडी घेणार असेल तर एवढं एक माझ्याकडून घ्या. दांडे कुणीही बसवून देतं, पण ज्या पायाला काही कळत नाही तो कुठे आहे हे आधी बघा.

हातांनी चालवायच्या गाडीच्या नव्या लायसन्सची परीक्षा उरली होती. ट्रान्सपोर्टचा अधिकारी गाडीभोवती दोनदा फिरला. "रस्त्यात मूल आडवं आलं तर?"

"शेजारी बसा," माधवराव म्हणाले. "वाटेल तेव्हा 'थांबा' म्हणा."

"बाई बरोबर नकोत," अधिकारी म्हणाला.

गाडी फाटकातून बाहेर गेली. मी पिंपळाखाली उभी राहिले. फार वेळ लागला. ती परत आली तेव्हा अधिकारी कपाळ चोळत उतरला. "दोन वेळा मला काचेवर आपटलं यांनी," तो मला म्हणाला. "ब्रेक उत्तम आहे." आणि सही करायला आत गेला. लायसन्स फक्त ह्याच गाडीपुरतं, आणि दरवर्षी पुन्हा चालवून दाखवायचं, अशी अट घातली. सरी, बरं, आम्ही म्हटलं.

लोक विचारतात, त्या प्रवासातलं काय उरलं? उटी फारशी आठवत नाही. तळं पुसट झालंय, साहेबाचा चेहराही. आठवतो तो परीक्षेनंतरचा सोमवार. ते पहिल्यांदा एकटे ऑफिसला गेले. संध्याकाळी यायची वेळ टळली. मी दारात, सासूबाई खिडकीत. बऱ्याच वेळाने गाडी आली. मी धावत गेले.

"काय झालं? कुठे होतात?"

"कुठे नाही," ते म्हणाले. "उगाच एक चक्कर मारून आलो."

आजारपणानंतरच्या त्या सगळ्या वर्षांत ते कुठेही उगाच गेले नव्हते. सासूबाई खिडकीतून वळल्या आणि आतून त्यांचा आवाज आला, "माधवा, ताट वाढलंय."