बाईंचा डावा हात

भूतबीत, संकेत, साक्षात्कार यांतलं मला काहीही पटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. वय त्र्याहत्तर, राहणार कोथरूड, बँकेतून निवृत्त. अमावास्येला नखं कापते. मांजर आडवं गेलं तर मांजराची चौकशी करते, माझी नाही. पण माझी नात रेवा म्हणाली, "आजी, तू ग्रुपवर लिहून टाक, नाहीतर मला रोज तेच सांगत बसशील." म्हणून लिहितेय.

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी साडेचारला आम्ही नाटकाला गेलो. एका मोठ्या गायिकेच्या आयुष्यावरचं संगीत नाटक... नाव लिहीत नाही, पोस्टर तुम्ही पाहिलंच असेल. मी त्यांना बाई म्हणते, कारण चार वर्षं मी त्यांच्याकडे गाणं शिकले. 'बाईंनी आजीला काढून टाकलं' हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पन्नास वर्षं मीच ते सांगत आले.

खरं वेगळंच आहे. मी बावीस वर्षांची होते. आवाज बरा, वेणी लांब आणि डोक्यात एकच विचार – बाईंच्या नंतर मीच. सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात बाईंची सकाळची मैफल होती. मागे तंबोऱ्यावर आम्ही दोघी, उजवीकडे सुमनताई आणि डावीकडे मी. मागे बसणारीने बाई दम घ्यायला थांबल्या की सूर धरायचा, बस्स. स्वतःचं काही गायचं ते बाईंनी मान वळवून खुणावलं तरच. तोडी रंगली होती. बाई थांबल्या. मान वळली नाही... आणि मी एक जागा घेतली, म्हणजे स्वतःची एक छोटीशी सुरावट. कोमल गंधारावरून हळूहळू खाली उतरणारी, कुणी न शिकवलेली, तिथल्या तिथे सुचलेली. शेवटी आपण काय केलं ते कळून घाबरले आणि सूर किंचित खाली गेला. तरी लोकांनी दाद दिली. मी तंबोऱ्याआड नवरीसारखी लाजले. गाढव.

मैफल संपल्यावर तंबोऱ्याला गवसणी घालताना सुमनताई म्हणाल्या, "बाईंची जागा खाल्लीस तू. आता ये उद्या शिकायला, बघू काय होतं."

बाई चपला घालून निघाल्या. रिक्षात बसून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. त्यांनी हाकलायच्या आत आपणच जायचं नाही, असा तो बाणेदारपणा. पुढे बँक, लग्न, संसार. त्यांचा निरोप आला नाही, मी विचारलं नाही. आता त्याही नाहीत आणि सुमनताईही नाहीत. ती जागा मी चोरली का, एवढंच मला विचारायचं होतं. ते राहिलं.

तर नाटक. पहिल्या अंकात भलीमोठी स्क्रीन आणि बारा नर्तिका. रेवा कुजबुजली, "असं होतं का गं आजी?"

"हो ना. बाई दूध आणायलासुद्धा नाचतच जायच्या."

मध्यंतरात वडा खाल्ला. दुसऱ्या अंकात मैफलीचा प्रसंग आला. बाईंचं काम करणारी मुलगी खरंच गाते, तबलेवालाही खरा. मागच्या तंबोरेवाल्या दोघी मात्र नुसत्या बसायला. तंबोरे शोभेचे, सूर मशीनचा. तोडी सुरू झाली. म्हटलं, सकाळची मैफल दाखवायची तर दुसरं काय गाणार?

आणि ती मध्येच थांबली. तबला चालूच. सोळा मात्रा रिकाम्या गेल्या. पुढच्या सोळाही. मी मोजत होते, जुनी खोड. तिचा डावा हात मांडीवर होता. तो हळूच उलटा झाला... तळवा वर, बोटं जराशी मागे वळलेली.

हा हात मी ओळखते. घरी शिकवताना आम्ही समोर बसायचो, तेव्हा बाई असाच हात करून म्हणायच्या, "घे." मैफलीत मागे बसलं की मांडीवरचा हात दिसत नाही. दिसते पाठ आणि पदर. पन्नास वर्षं मी ती मैफल पाठीमागूनच बघत होते.

मग मुलीने पुढची ओळ उचलली. मला काही वाटलं नाही. बसून बसून पायाला मुंग्या येतात ना, तसं सगळं अंग झालं होतं.

"ओळ विसरली वाटतं," रेवा म्हणाली.

प्रयोगानंतर ती मला आत घेऊन गेली, फोटो काढायला. तबलेवाला मुलीला विचारत होता, "अगं, दोन आवर्तनं कुठे गेली होतीस?"

"कुठे म्हणजे? मागून घेतलं ना कुणीतरी. मी ऐकत होते."

"मागून कोण घेणार? त्या दोघी गात नाहीत."

"डावीकडून आलं, अरे," ती म्हणाली आणि गुणगुणून दाखवलं.

माझीच जागा होती. अख्खी. शेवटी घाबरून खाली गेलेल्या सुरासकट. त्या मैफलीत कुणी टेप लावलेली नव्हती.

मी तिला विचारलं, "डावा हात असा करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

तिने आपल्या हाताकडे बघितलं. "असा? मी केला का?"

घरी येताना रिक्षात रेवाने दोनदा विचारलं, रडतेस का. नव्हते रडत. दुसऱ्या दिवशी दार लावून मोबाईलवर तंबोरा लावला आणि ती जागा घेऊन बघितली. येईना. भाजी निवडताना, बसची वाट बघताना जी पन्नास वर्षं आपोआप डोक्यात वाजायची, ती गेली. गंधारापर्यंत जाते, पुढे काही नाही. अजूनही नाही.

रेवाचं म्हणणं, त्या मुलीने कुठेतरी जुनं रेकॉर्डिंग ऐकलं असेल. डॉक्टर म्हणाले, बीपीची गोळी बदलू. माझ्याकडे तर तेवढंही स्पष्टीकरण नाही.

नाटकाहून आलो त्या रात्री जेवताना मी सगळ्यांना सांगितलं, "बाईंनी मला काढलं नव्हतं. मीच गेले नाही."

मुलगा म्हणाला, "बरं. आई, कोशिंबीर दे जरा."

मी दिली.