दातांच्या डॉक्टरांची बंदूक

तिरोड्याच्या आमच्या दातांच्या डॉक्टरांना दातांपेक्षा बंदुकांचं वेड जास्त होतं. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका दंतवैद्यानं नव्या तऱ्हेची बंदूक शोधली, हे ते प्रत्येक पेशंटला त्याचं तोंड उघडं असतानाच सांगत. त्यांनी स्वतःही एक केली होती. धानातली रानडुकरं पळवायला ती पाइपाची बंदूक दर अर्ध्या तासानं आपोआप वाजे.

माझ्या बाबांची कवळी मात्र दोन महिने उलटले तरी तयार झाली नव्हती.

"मंग भुट्टा कधी खाऊ जी?" बाबा विचारत.

"होऊन राहिली, काका. घाई कायले करता?"

बाबा गेले. दहाव्याला तळ्याच्या पाळीवर मी पिंडाशेजारी भुट्टा ठेवला. कावळे झाडावरून हलेनात. तेवढ्यात डॉक्टर आले. खिशातून नवी कवळी काढून त्यांनी ती भुट्ट्याजवळ ठेवली आणि हात जोडले. एक कावळा खाली उतरला.

तोच शेजारच्या धानाच्या बांधीत त्यांनीच लावलेली बंदूक वाजली. झाड रिकामं झालं.

डॉक्टर चिखलात उतरले आणि बंदूक उपटून परत आले. मग कावळे येईपर्यंत ते माझ्याजवळ बसून राहिले. त्या दिवशी प्रथमच त्यांनी बंदुकीचं नाव काढलं नाही.