सुतकातली ॲडमिशन

शेजारी लोणचं घातलं की तो वास मले बारा वर्षं मागं नेते. मी सरोत्यानं कैऱ्या फोडत होतो, बायको कोया काढत होती. आमचं सोबतचं ते शेवटचं काम.

मी म्हणालो, “खासगी कॉलेज, तेबी निस्त्या पोरींचं. नाटक अन् चित्रं शिकवते म्हणे. कायले? मले भरोसा नाही.”

“तुमाले माझ्या लोणच्यावर तरी कधी होता? ॲडमिशनचा उद्या शेवटचा दिवस हाय. पोरीले घेऊन जा.”

दुपारी तिच्या छातीत कळ आली अन् ती गेली. संध्याकाळी जाळून आलो. भाऊबंद म्हणाले, सुतकात कुठं जाऊ नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीले घेऊन भंडाऱ्याची पहिली एसटी धरली. ती कॉलेजात आत फॉर्म भरत होती. मी फाटकावर उभा राहून आत जाणाऱ्या एकेका माणसाले विचारत होतो, “तुमी कोन? पोरींच्या कॉलेजात तुमचं काय काम?”